मुलांच्या छातीतला आकडा कुठे आहे?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची दरवर्षी मोजणी सुरू करण्याबाबत.



एकच पत्र चौघांच्या नावे लिहितो आहे, कारण हवेची तक्रार एकाच्या दारात नेली की तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. धूर मंडळाचा, बांधकामाची धूळ पालिकेची, धोरण पर्यावरण विभागाचं आणि खोकला आरोग्य विभागाचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. या वाटणीत एक काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. या हवेत वाढणाऱ्या मुलांची फुप्फुसं जेवढी वाढायला हवीत तेवढी वाढताहेत का, हे मोजण्याचं. हे पत्र त्या एकाच कामासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांत बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. उत्तराखाली एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापणाऱ्या जातीतला शिक्षक. हवेवरच्या चर्चेत मला खटकतं ते हे, की तिथली सगळी एककं हवेची असतात. पीएम २.५ इतके मायक्रोग्रॅम, पीएम १० तितके, निर्देशांक अमुक. शहरातली दोन डझनांहून अधिक स्वयंचलित केंद्रं तासातासाला आकडे देतात, मोबाइलवर ते हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत दिसतात, हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. ते हवेतच. पण या आकड्यासमोर शरीराचा आकडा मांडायची वेळ आली की सगळे गप्प. गोवंडीतल्या दहा वर्षांच्या मुलीच्या छातीत किती हवा मावते आणि बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या, तिच्याच वयाच्या आणि तिच्याच उंचीच्या मुलीच्या छातीत किती, हे दरवर्षी लिहून ठेवणारी सरकारी वही आपल्याकडे नाही.

वही नाही, याचा फायदा मात्र घेतला जातो. डिसेंबर २०१९मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर लोकसभेत म्हणाले, की प्रदूषणामुळे आयुष्य घटतं असं कुठल्याही भारतीय अभ्यासाने दाखवलेलं नाही. त्यानंतरही संसदेत असे प्रश्न आले की प्रदूषण आणि आजार यांचा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही, या धर्तीचं उत्तर येत राहिलं. ज्याने मोजायचं त्यानेच मोजलं नाही आणि मग माहिती नाही म्हणून हात वर केले, हे वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

माहिती असली की काय होतं, त्याचं एक उदाहरण लंडनचं. तिथे साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याचे झटके सोसत, पुन्हा पुन्हा रुग्णालयात जात, फेब्रुवारी २०१३मध्ये गेली. पहिल्या चौकशीत प्रदूषणाचा उल्लेखही नव्हता. आई हटून बसली. प्रा. स्टीफन होलगेट यांनी एलाच्या घरापासून मैलभर अंतरावरच्या हवामापन केंद्राच्या जुन्या नोंदी आणि तिच्या रुग्णालयातल्या फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दुसरी चौकशी झाली आणि डिसेंबर २०२०मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झाली. दोन्ही बाजूंच्या नोंदी होत्या म्हणून हे शक्य झालं. आपल्याकडे हवेची बाजू आता बरीच भरत आली आहे. मुलाची बाजू कोरी आहे.

आपल्याकडे कुणी मोजलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही, आणि हेच मला जास्त लागतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी मुंबईतले कमीअधिक प्रदूषणाचे तीन भाग आणि तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती निवडून चार हजारांहून अधिक माणसांची श्वसनतपासणी केली आणि तीन वर्षं पाठपुरावा केला. गिरण्यांची धुराडी तेव्हा चालू होती. संगणक नव्हते, मोबाइल नव्हते, घरोघर जायचं आणि पुन्हा जायचं. त्या काळी हे जमलं. पुढे २०१३मध्ये केईएमच्याच पथकाने माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे माहुलच्या प्रदूषणाचं प्रकरण उभं राहिलं त्यात या पाहणीचा आधार होता. लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या धापेला एवढं वजन आलं, तर तिथल्या मुलांच्या फुप्फुसांचे दहा वर्षांचे आकडे हाताशी असते तर?

दिल्लीचा अनुभव आणखी बोलका आहे. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००२ ते २००५च्या दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी दिल्लीतल्या ३६ शाळांमधली ११,६२८ मुलं तपासली. त्यांतल्या ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसक्षमता कमी निघाली. तुलनेला घेतलेल्या, स्वच्छ हवेच्या ग्रामीण भागातल्या मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. मंडळाने हा अहवाल छापला २०१२मध्ये. दहा वर्षांची मुलं तोवर मिसरूड फुटून कॉलेजात गेली. आणि त्याच मुलांना पुन्हा कुणी मोजलं नाही. एकदा मोजलेला आकडा हा फोटो असतो, त्यावरून मूल वाढतंय की खुंटलंय ते कळत नाही. घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची लिहून ठेवतात, वर्षाला एक रेघ, तसं हवं. रेघांमधलं अंतर कमी झालं की आईच्या लगेच लक्षात येतं.

असं रेघारेघांनी मोजण्याचं काम जगात सर्वांत चिकाटीने झालं ते दक्षिण कॅलिफोर्नियात. ते जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या चौघांसाठीही धडा आहे. लॉस एंजेलिसचा परिसर एके काळी धुरक्यासाठी कुप्रसिद्ध होता. तीन बाजूंना डोंगर, एका बाजूला समुद्र, ऊन भरपूर आणि मोटारी अगणित. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारा गावं निवडली, काही अतिशय प्रदूषित, काही समुद्राकाठची स्वच्छ. शाळाशाळांत यंत्रं नेऊन चौथीच्या वयाची मुलं मोजायला घेतली आणि ती शाळा सोडेपर्यंत मोजत राहिले. कुणाच्या घरात सिगारेट ओढतात, कुणाला दमा आहे, घर महामार्गापासून किती दूर, सगळं लिहून घेतलं. प्रत्येक गावात हवामापन केंद्र. पुढे आणखी मुलं आली, एकूण अकरा हजारांहून अधिक.

या कामाला पैसा देणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचं हवा नियंत्रण मंडळ होतं, म्हणजे आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं भावंड. नियम करणाऱ्याने आपल्याच नियमांची परीक्षा घ्यायला स्वतःच्या खिशातून पैसे दिले.

२००४मध्ये निष्कर्ष आले. दहा ते अठरा या वयात सर्वांत प्रदूषित गावातल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ मागे पडली होती. वयाच्या अठराव्या वर्षी क्षमता अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांखाली राहिलेल्यांचं प्रमाण तिथे सर्वांत स्वच्छ गावाच्या जवळपास पाचपट होतं. २००७मध्ये कळलं की महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी आहे, मग गाव एकंदरीत स्वच्छ का असेना. आणि २०१५मध्ये खरी बातमी आली. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने इंधन, ट्रक, बंदरं, कारखाने या सगळ्यांवर नियम कडक केले होते. त्याच पाच गावांतल्या, वेगवेगळ्या काळात वाढलेल्या मुलांच्या तीन तुकड्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर पंधराव्या वर्षी फुप्फुसक्षमता कमी असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ६.३ आणि मग ३.६ टक्क्यांवर आलं होतं. हवा सुधारली तशी फुप्फुसं सुधारली. दमा असलेल्या मुलांची आणि नसलेल्यांचीही.

सरकारला आपल्या कामाची याहून चांगली पावती कोण देणार? तुमच्या खात्यांना टीकेची सवय आहे, कौतुकाचीही असावी म्हणून सांगतो, की मोजणी ही फक्त विरोधकांच्या हातातली काठी नसते.

कधी कधी मोजणी नको ते सांगते, हेही खरं. लंडनने २००८मध्ये जुन्या धुरकट मालट्रकांना शहरात येण्यावर बंधनं घातली. त्यानंतरच्या पाच वर्षांत पूर्व लंडनमधल्या २८ प्राथमिक शाळांतली आठ-नऊ वर्षांची २,१६४ मुलं तपासली गेली. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड थोडा कमी झाला होता, पण मुलांची फुप्फुसं काही मोठी झाली नव्हती. वाईट हवेतल्या मुलांची क्षमता सुमारे पाच टक्क्यांनी कमीच होती. नियम चांगला होता, पुरेसा नव्हता. एप्रिल २०१९पासून लंडनने वाहनांसाठी अधिक कडक नियमांचं क्षेत्र आखलं, तेव्हा संशोधकांनी पुन्हा मुलं मोजायला घेतली आणि तुलनेला ल्युटन हे शेजारचं शहर घेतलं, जिथे हा नियम नव्हता. मुळात योजना आखतानाच तिचा निकाल कसा लावायचा ते ठरवलेलं होतं.

आता आपल्याकडे पाहू. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. सत्तर मीटरहून उंच इमारतीभोवती पस्तीस फुटी पत्रे, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे. २०२४ सरताना बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात बांधकामं थांबवली. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. यातलं काय उपयोगी पडलं? पत्र्यांमुळे धूळ अडली असेल, पण फवाऱ्याने खाली बसते ती जाड धूळ. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगतीसुद्धा मुख्यतः पीएम १०वरच जोखली जाते. फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आणि ते येतात इंजिनातून, चिमणीतून, जळणाऱ्या कचऱ्यातून. पीएम १० उतरलं म्हणून आपण सत्कार करून घ्यायचे आणि मुलाच्या छातीत काहीच फरक पडलेला नसायचा, असं होऊ शकतं. होतंच आहे, असा माझा दावा नाही. होतंय की नाही हे सांगायला आपल्यापाशी साधन नाही, एवढंच. बरं, पीएम २.५साठी आपलं वार्षिक प्रमाणच घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुचवलेलं ५. म्हणजे आपल्या कायद्याने उत्तीर्ण ठरलेली हवासुद्धा आठपट. 'मुंबईला समुद्र आहे, सगळं वाहून जातं' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. हिवाळ्यात वारा पडतो तेव्हा समुद्र तिथेच असतो आणि धूरही तिथेच असतो.

लहान मुलांचीच फुप्फुसं का, असा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडणार नाही अशी आशा आहे, तरी दोन ओळी. मूल जन्मतं तेव्हा वायुकोश पुरते तयार नसतात, ते पहिल्या काही वर्षांत झपाट्याने आणि पुढे किशोरवयापर्यंत वाढत राहतात. विशीच्या आसपास क्षमता शिखरावर पोचते, तिथून उतरण. ज्याचं शिखरच ठेंगणं राहिलं, त्याची उतरण खालून सुरू होते. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला पन्नाशीत जिना चढताना धाप लागते, त्याचं मूळ कधी कधी चौथीच्या वर्गात असतं.

मोजायचं कसं, ते आता सांगतो. यंत्राचं नाव स्पायरोमीटर. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४०च्या दशकात दोन हजारांवर माणसं मोजून दाखवलं, की फुप्फुसात मावणारी हवा माणसाच्या उंचीप्रमाणे वाढते. तेव्हाचं यंत्र पिंपाएवढं होतं, आताचं हातात मावतं. मूल छाती भरून श्वास घेतं, नळी ओठांत घट्ट धरतं आणि जोर लावून फुंकतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकंदर किती, हे दोन आकडे महत्त्वाचे. ऐकायला सोपं. पण तपासनीस चांगला नसेल तर सगळं वाया जातं. मुलं लाजतात, हसतात, अर्ध्यावर सोडतात, गालांनी फुंकतात. समोर उभं राहून 'फुंक, फुंक, अजून, अजून, संपव' असं ओरडावं लागतं, निदान तीन चांगले फुंकार मिळेपर्यंत. यंत्र रोज तीन लिटरच्या पिचकारीने तपासून घ्यावं लागतं. उंची बूट काढून मोजावी लागते, कारण सगळा हिशेब उंचीवर. सर्दी-खोकला झालेल्या मुलाला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलवावं लागतं. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हे नीट जमत नाही, म्हणून पहिलीच्या आधी सुरुवात करू नये. कंत्राट देऊन आठवड्याभरात शहर उरकायचं, असलं हे काम नाही.

आणि इथेच एक खाच आहे, जिच्याकडे तज्ज्ञांनीही अलीकडेच नीट पाहायला सुरुवात केली. मुलाचा आकडा आला, तो कमी की पुरेसा हे ठरवायला तक्ता लागतो. वय, लिंग, उंची घालायची आणि अपेक्षित आकडा काढायचा. भारतीय मुलांची फुप्फुसं गोऱ्या मुलांच्या मानाने लहान भरतात, म्हणून वर्षानुवर्षं आपल्यासाठी वेगळे, खालचे तक्ते वापरले गेले. ते खालचेपण कशाचं? अंगकाठीचं असेल, पण कुपोषणाचं, चुलीच्या धुराचं, आईच्या गरोदरपणातल्या हवेचंही असू शकतं. वाईट हवेत वाढलेल्या मुलांची सरासरी काढायची, तिला 'सामान्य' म्हणायचं आणि मग त्याच हवेतल्या पुढच्या पिढीला त्या सरासरीने उत्तीर्ण करायचं, हा हिशेब मला मान्य नाही. अमेरिकेतल्या वक्षरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३मध्ये वंशानुसार वेगळे तक्ते सोडून सर्वांसाठी एकच तक्ता वापरण्याची शिफारस केली. दिल्लीच्या अभ्यासात स्वच्छ हवेतल्या खेड्यांमध्येही चौथा हिस्सा मुलं कमी क्षमतेची निघाली होती. त्याचा अर्थ खेड्यात धूर होता, की पोषण कमी होतं, की तक्ता चुकला, हे त्या एका फोटोवरून कळायला मार्ग नाही.

उंचीचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. उंची कमी म्हणून अपेक्षित आकडा कमी, आणि तो गाठला म्हणून शेरा 'उत्तम'. बुटक्या शरीरातलं छोटं फुप्फुस कागदावर निरोगी दिसतं. म्हणून माझं म्हणणं, की कुठल्याही तक्त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कच्चे आकडे लिटरमध्ये जपून ठेवा आणि त्याच मुलाची त्याच्या गेल्या वर्षाच्या आकड्याशी तुलना करा. एका वर्षात किती मिलिलिटरची भर पडली, हा प्रश्न सरळ आहे. त्याला वंश लागत नाही.

घरातली हवाही लिहून घ्यावी लागेल, नाहीतर उद्या कारखान्याचा वकील उभा राहून म्हणेल की हा धूर चुलीचा. त्याचं म्हणणं पूर्ण चूकही नसेल. चूल, डासांची कॉइल, बापाची बिडी, बंद खोलीतली उदबत्ती, सगळ्यांची भर पडते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला होता, तेव्हा सर्वांत जास्त बारीक कण निघाले ते सापगोळीतून. आवाज नाही म्हणून आपण ती सर्वांत लहान पोरांच्या हातात देतो. असली माहिती मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि ती कळली की लोक आपणहून बदलतात, हा माझा शाळेतला अनुभव आहे.

हे सगळं करायला नवं खातं नको, नवी इमारत नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये देशभरासाठी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जातात. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता. ज्या तीसेक व्याधींसाठी ते मुलं तपासतात, त्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा आजार, म्हणजे बाळदमा, पहिल्यापासून आहे. पण तो शोधायला पथकाच्या हातात आहेत चार प्रश्न आणि एक स्टेथोस्कोप. मूल त्या दिवशी घरघरत नसेल तर सुटलं. या पथकांच्या पेटीत स्पायरोमीटर घाला, एकाला नीट शिकवा, बाकीची व्यवस्था उभी आहे. जागांची निवड विचारपूर्वक करा. देवनारच्या कचराभूमीलगतचा गोवंडी-मानखुर्दचा भाग, माहुल-चेंबूर, महामार्गाला चिकटलेल्या शाळा, नॅशनल पार्कच्या कडेच्या शाळा. मुंबईबाहेर चंद्रपूर-घुग्घुस तर हवंच. औष्णिक वीज आणि कोळशाच्या या पट्ट्याला २००९मध्ये केंद्रीय मंडळानेच देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत वरचं स्थान दिलं होतं. तुलनेसाठी सिंधुदुर्गातली काही गावं घ्या, चुलींची नोंद करून. विदर्भाची वीज मुंबई वापरते, तर विदर्भातल्या मुलांचे आकडेही मुंबईने वाचावेत.

काही अटी मात्र आधी ठरवाव्या लागतील, नंतर नाही. मोजणीची सूत्रं एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे असावीत, ज्यांच्या कामाची परीक्षा होणार आहे त्यांच्याकडे नकोत. पालकांची संमती घ्यावीच, आणि सात वर्षांवरच्या मुलाचीही, आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. प्रत्येक मुलाचा आकडा त्याच्या आईबापांना समजेल अशा मराठीत, हिंदीत, उर्दूत द्यावा. नावं गुप्त ठेवून बाकी सगळं दरवर्षी जाहीर करावं, अडचणीचं निघालं तरी, आणि दिल्लीसारखी सात-आठ वर्षं थांबून नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्याचा आकडा कमी येईल त्याला त्याच आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर आणि पंप मिळाला पाहिजे. आपल्याकडे 'दमा' म्हटलं की मुलीचं लग्न आठवतं, आणि 'पंप' म्हटलं की सवय लागेल ही भीती. श्वासातून घ्यायचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, मात्रा कमी लागते, हे समजावून सांगणारं कुणी नसेल तर तपासणीचा कागद आई देव्हाऱ्यामागे ठेवून देईल. कमी आकडा आला म्हणून कुठल्याही मुलाला मैदानावरून बाहेर काढता कामा नये, हेही लेखी द्या. क्रीडाशिक्षक घाबरतात आणि घाबरले की मुलाला सावलीत बसवतात.

एक भीती मलाही आहे. हे पत्र वाचून कुणी तरी म्हणेल, उत्तम, पाच वर्षं मोजू, मग निष्कर्ष आले की उपाय ठरवू. तसं करायचं असेल तर मोजूच नका. वाईट हवेने मुलांची फुप्फुसं खुंटतात हे कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये ठरलेलं आहे, मुंबईची मुलं वेगळ्या मातीची नाहीत. कचरा जाळणं थांबवण्यासाठी, चिमणीवर बंधनं घालण्यासाठी, डंपरवर ताडपत्री टाकायला लावण्यासाठी आणखी एकाही मुलाला नळीत फुंकायला लावायची गरज नाही. मोजायचं ते यासाठी, की आपण जे करतो आहोत ते मुलापर्यंत पोचतं आहे का, आणि कुठल्या वस्तीतल्या मुलापर्यंत पोचत नाही.

माझी मागणी लहान आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा वर सांगितलेल्या ठिकाणच्या पालिका आणि जिल्हा परिषद शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मुलांपासून सुरुवात करा आणि ती मुलं दहावी होईपर्यंत दरवर्षी मोजत राहा. मुलं दुसऱ्या वस्तीत गेली तर तिथे जाऊन मोजा. कॅलिफोर्नियात जी मुलं स्वच्छ गावी राहायला गेली, त्यांची फुप्फुसं वेगाने वाढू लागलेली दिसली होती. आपल्या शहरात पुनर्वसनाच्या नावाखाली मुलं नेमकी उलट्या दिशेला जातात, तेही मोजलं जाऊ द्या. निवडणुका येतील, मंत्री बदलतील, आयुक्तांची बदली होईल. म्हणून हा उपक्रम कुणाच्या वाढदिवसाला जाहीर करू नका, शासन निर्णय काढा आणि त्यात पुढच्या आठ वर्षांची तरतूद लिहा.

होकार असो वा नकार, कारणांसह लेखी कळवा. आपण चौघांनी मिळून एकच उत्तर दिलंत तर ते अधिक बरं.

आपला नम्र,
पूर्व उपनगरातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक